फिलरनंतर चेहऱ्याची सूज उतरते आणि परत येते: कारण कुठे शोधायचं

"सिस्टर, परत सुजलंय."

हे वाक्य मी महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. पुण्यात एका त्वचारोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये मी ११ वर्षं परिचारिका आहे. फिलरचं, म्हणजे चेहरा भरदार दिसावा म्हणून कातडीखाली भरायच्या जेलीचं इंजेक्शन डॉक्टर देतात, नंतरचे फोन माझ्याकडे येतात. पहिल्या रात्रीची सूज, काळंनिळं पडलेले ओठ, मुलीपेक्षा जास्त घाबरलेली आई, हे सगळं नेहमीचं. पण फोनवर "परत" हा शब्द आला की मी वही उघडून बसते. एकदाच येऊन गेलेली सूज बहुतेक वेळा सुईची असते. उतरून पुन्हा येणाऱ्या सुजेला मात्र काहीतरी कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत ती येतच राहते.

ओठ, गाल, हनुवटी किंवा डोळ्यांखाली हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर घेतलेल्यांसाठी हे लिहिते आहे. जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं फिलर हेच. दुसऱ्या प्रकारच्या फिलरबद्दल पुढे थोडं सांगते.

आधी एक गोष्ट पाहून घ्या, सूज नंतर

फिलर घेऊन काही तास किंवा एक-दोन दिवसच झाले असतील, तर सुजेआधी रंग पाहा. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा वाहिनीवर त्याचा दाब आला, तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. कातडी पांढरट पडते, मग जाळीसारखे जांभळट-करडे चट्टे दिसू लागतात. सावळ्या रंगावर हा पांढरेपणा पटकन कळत नाही, आणि आपल्याकडे उशीर होतो तो इथेच. म्हणून दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभं राहा. त्या जागी बोट ५ सेकंद दाबून सोडा आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहा. मग चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला तसंच करा. निरोगी कातडीत साधारण २ सेकंदांत रंग भरतो. एका बाजूला ४-५ सेकंद लागत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. ओठांचं फिलर असेल तर ओठ उलटून आतली बाजूही पाहा, तिथे रंगातला फरक लवकर दिसतो.

दुखत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. बऱ्याच फिलरमध्ये लिडोकेन हे बधिरीचं औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीचे काही तास वेदना झाकली जाते. दोन-तीन दिवसांनी त्या जागी बारीक पांढऱ्या पुळ्या उठल्या की लोक त्याला मुरूम म्हणतात किंवा तापानंतर ओठावर येणारी पुळी, म्हणजे 'जर', समजतात. त्या पुळ्यांखालची कातडी मरत असू शकते.

अशा वेळी बर्फ लावायचा नाही. थंडाव्याने वाहिन्या आणखी आकसतात. ज्यांनी इंजेक्शन दिलं त्या डॉक्टरांना फोन करून लगेच निघायचं. फिलर विरघळवणारं हायलुरॉनिडेज हे औषध तिथे मोठ्या मात्रेत, गरज पडली तर तासातासाने पुन्हा द्यावं लागतं. आणि इंजेक्शननंतर अचानक दिसेनासं झालं, अंधूक किंवा दोन-दोन दिसू लागलं, पापणी पडली, बोलताना जीभ अडखळू लागली, तर घरी एक मिनिटही थांबू नका. नाक, भुवयांमधली जागा आणि कपाळ इथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिनीला जोडलेल्या आहेत. डोळ्याच्या पडद्याचं रक्त पूर्ण थांबलं, तर साधारण ६० ते ९० मिनिटांत कायमची इजा होऊ शकते. जिथे नेत्रविभाग आहे अशा मोठ्या रुग्णालयात थेट जा. ओठांबरोबर जीभ सुजली, घसा आवळल्यासारखा वाटला, श्वास लागला, तर १०८ ला फोन करा. ती तीव्र ॲलर्जी आहे.

यातलं काही नसेल, तर आता सुजेकडे वळू.

उजवाच गाल का?

गेल्या वर्षी चिंचवडहून एक बाई आमच्याकडे आल्या. चाळिशीच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या. दोन्ही गालांत फिलर दुसरीकडे घेतलेलं. ७ महिन्यांत उजवा गाल ४ वेळा सुजला होता. दर वेळी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून ॲलर्जीची गोळी आणि सोबत एक बारीक पांढरी गोळी घ्यायच्या. दोन दिवसांत गाल पूर्ववत, काही आठवडे बरे जायचे आणि पुन्हा तेच. त्या मला म्हणाल्या, "मला फिलरची ॲलर्जी आहे, मी वाचलंय."

मी विचारलं, "डावा गाल कधी सुजला?" एकदाही नाही. दोन्हीकडे एकच फिलर, एकाच दिवशी, एकाच हाताने भरलेलं. अंगाला ते फिलरच चालत नसतं, तर डाव्या गालानेही कधीतरी तक्रार केली असती. एकच बाजू पुन्हा पुन्हा सुजत असेल, तर कारण त्याच बाजूला असण्याचा संभव जास्त.

मग तारखा काढायला बसलो. कोणत्या दिवशी सुजलं हे कुणालाच आठवत नाही, त्यांनाही आठवेना. पण केमिस्टला पैसे मोबाइलवरून दिले होते, त्यामुळे चारही तारखा फोनमध्ये सापडल्या. त्यांच्या बाजूला आम्ही त्या-त्या आठवड्यात काय झालं होतं ते लिहीत गेलो. एकदा सर्दी होऊन नाक चोंदलेलं. एकदा दातांच्या डॉक्टरांकडे दाढ कोरून घेतलेली आणि पुढची तारीख चुकवलेली. उरलेल्या दोन वेळांबद्दल त्या म्हणाल्या, "तेव्हा काही नव्हतं, जरा दाढ ठणकत होती, लवंगेचं तेल लावलं आणि राहिली." उजवी, वरची दाढ.

आमच्या डॉक्टरांनी त्यांना आधी दाताचा एक्स-रे काढायला पाठवलं. दाढेच्या मुळाशी पू होता. गालाची सोनोग्राफी केली, त्यात फिलरभोवती सूज दिसली. दोन प्रकारची प्रतिजैविकं काही आठवडे दिली, दातांच्या डॉक्टरांनी रूट कॅनॉल पूर्ण केलं, आणि लालसरपणा व गरमपणा पूर्ण गेल्यावरच उजव्या गालातलं फिलर दोन बैठकांत विरघळवलं. त्याला आता १० महिने झाले. गाल शांत आहे.

हे असं का होतं, ते मी पेशंटना साध्या शब्दांत सांगते. फिलर हा जेलीचा गोळा आहे, जिवंत पेशी नव्हे. त्याच्या पृष्ठभागावर जिवाणूंचा पातळ, चिकट थर बसू शकतो. भांड्याच्या तळाला धरलेल्या थरासारखा तो चिवट असतो आणि दोन-चार दिवसांच्या औषधाने निघत नाही. शिवाय फिलर जिथे असतं तिथे शरीराची पहारेकरी यंत्रणा अर्धवट जागी असते. सर्दी, सायनस, फ्लू, दाताचा पू, हिरड्यांची सफाई यांनी ती पूर्ण जागी झाली की त्या जागीही सूज उठते. प्रत्येक वेळी जंतू असतातच असं नाही. कधी नुसती प्रतिकारशक्तीच खवळलेली असते. पण जंतू नाहीत हे आधी डॉक्टरांनी ठरवायला हवं.

लशीनंतरही असं होऊ शकतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये मॉडर्नाच्या कोविड लशीची कागदपत्रं एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेसमोर आली, तेव्हा चाचणीतल्या हजारो लोकांमध्ये फिलर घेतलेल्या ३ जणांच्या चेहऱ्यावर किंवा ओठांवर सूज आल्याची नोंद होती. सूज उपचारांनी उतरली. अमेरिकेतल्या माझ्या मावसबहिणीने तेव्हा हे वाचून मला रात्री फोन केला होता, लस घेऊ का म्हणून. घे, असंच सांगितलं. लस टाळायची नाही. फिलर आणि लस यांच्यात दोनेक आठवड्यांचं अंतर ठेवलं की पुरे.

ती बारीक पांढरी गोळी

या गोळीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. केमिस्ट ॲलर्जीच्या गोळीबरोबर जी देतो, ती बहुतेक वेळा स्टिरॉइड असते. तिने कुठलीही सूज उतरते, पू असलेलीसुद्धा. म्हणून वाटतं की औषध लागू पडलं. प्रत्यक्षात सूज दडपली जाते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. गोळी संपली की सूज परत, दर वेळी थोडी जास्त कडक, थोडी जास्त दिवस टिकणारी. चिंचवडच्या बाईंचे ७ महिने यातच गेले.

स्टिरॉइड वाईट औषध नाही. योग्य वेळी आमचे डॉक्टरही देतात, गाठीत इंजेक्शनने भरतातही. पण संसर्ग नाही याची खात्री झाल्यावर, किंवा संसर्गावरचं औषध सुरू केल्यावर. तुम्ही अशा गोळ्या आधी घेतल्या असतील, तर डॉक्टरांना लपवू नका. रागावतील म्हणून लोक सांगत नाहीत, आणि मग डॉक्टरांना दिसणारं चित्रच चुकीचं असतं.

घरी दाबून, चोळून पाहणंही बंद करा. गाठ आहे की गेली हे बघायला दिवसातून वीसदा बोट लावणारे पेशंट मी पाहिले आहेत. पहिल्या आठवड्यात ओठांत हाताला लागणाऱ्या लहान, न दुखणाऱ्या गुठळ्या बहुतेक वेळा २ आठवड्यांत बसतात. त्यानंतरही राहिल्या तर डॉक्टर स्वतः मालिश करतील किंवा शिकवतील. काही आठवडे-महिने उलटल्यावर नव्याने उठलेली, दुखणारी, लाल किंवा गरम गाठ हा मात्र वेगळा प्रकार आहे. तिला पुन्हा सुई टोचून "फोडून" घेऊ नका, हळदीचा लेप लावून पिकण्याची वाटही पाहू नका. अंगात ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा.

डोळ्यांखाली, रोज सकाळी

ही तक्रार वेगळी, आणि संख्येने कदाचित सगळ्यात मोठी. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली पिशव्या, अकराच्या सुमारास उतरतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुखत नाही, लाल नाही, बहुधा दोन्ही बाजूंना. हा संसर्ग नसतो.

हायलुरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतं. तेच त्याचं काम आहे, त्याच्यामुळेच गाल भरलेला दिसतो. डोळ्यांखालची कातडी मात्र चेहऱ्यावरची सर्वांत पातळ, आणि तिथून पाणी वाहून नेणारी यंत्रणा नाजूक. रात्रभर आडवं झोपलं की पाणी साचतं. दिवसभर उभं-बसलेलं असलो की उतरतं. आदल्या रात्री पापड-लोणचं किंवा बाहेरचं चमचमीत झालं असेल, रडणं झालं असेल, पाळी जवळ आली असेल, तर पिशवी मोठी. पोहायला जाणाऱ्या एका मुलीच्या डोळ्यांखाली गॉगलच्या कडेचाच वळ धरून सूज यायची. गॉगल बदलला, सूज निम्म्याने कमी झाली.

डोकं थोडं उंच ठेवून झोपा, रात्रीचं मीठ कमी करा, डोळ्यांखाली रोलर फिरवणं थांबवा. ३-४ आठवडे हे करून फरक नसेल, तर बहुधा फिलर जास्त पडलं आहे किंवा फार वरच्या थरात आहे. वरच्या थरात असल्याची आणखी एक खूण म्हणजे निळसर झाक. ते काळं वर्तुळ नव्हे, उजेड जेलीत विखुरल्यामुळे निळं दिसतं. टिंडल या शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. त्यावर क्रीम चालत नाही. उपाय एकच, विरघळवणं.

आणि पिशवीच्या खाली खळगा दिसतो म्हणून त्यात आणखी फिलर भरू नका. "सहा महिन्यांत फिलर जातंच" असं सांगितलं जातं, पण एमआरआयमध्ये ते कित्येक वर्षांनीही आत दिसलेलं आहे, विशेषतः डोळ्यांखाली आणि गालात. जुनं उरलेलं असताना नवं भरत गेलं की चेहरा फुगत जातो आणि माणसाला स्वतःला ते कळतही नाही. थायरॉइड आणि किडनीच्या त्रासातही डोळ्यांभोवती सूज येते, तेव्हा रक्त-लघवीची साधी तपासणी करून घेतलेली बरी.

पहिले दोन आठवडे

सूज पुन्हा पुन्हा येण्याची बरीच बीजं इथे पेरली जातात. सुईची भोकं मिटायला काही तास लागतात, म्हणून पहिल्या दिवशी मेकअप नाही. चेहऱ्याला हात लावायचाच असेल तर धुऊन. बर्फ कापडात गुंडाळून १० मिनिटं, थेट कातडीवर नाही. दोन दिवस जिम, मद्य, कडक ऊन, गरम पाण्याची आंघोळ टाळा. आपल्या घरांत सर्दी वाटली की पातेल्यावर टॉवेल घेऊन वाफ घेतात, ती वाफही नको. सूज पहिल्या २४ ते ४८ तासांत सर्वांत जास्त असते, मग उतरते. काळंनिळं पडलेलं जायला ७ ते १० दिवस लागतात. हा क्रम मोडून तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज वाढू लागली, जागा गरम झाली, तर फोन करा.

पुण्यात हेल्मेटचं विसरू नका. पूर्ण चेहऱ्याचं घट्ट हेल्मेट गाल आणि हनुवटी दाबतं. पहिला आठवडा दुचाकी ठेवून द्या, रिक्षाने जा. हेल्मेट काढून चालवा असं मी कुणालाही सांगणार नाही.

दात साफ करणं, रूट कॅनॉल, पार्लरमधलं फेशियल, लेसर, सगळं २ आठवडे आधी किंवा २ आठवडे नंतर. आणि लग्न. नोव्हेंबर उजाडला की लग्नाच्या चार दिवस आधी ओठ भरून मागणाऱ्या मुली येतात. पाठोपाठ हळद. दहा-पंधरा बायका, धुतलेले-न धुतलेले हात, आणि चेहऱ्यावर जोरात चोळलेली ओली हळद, ताज्या भोकांवर. आमचे डॉक्टर अशा मुलींना परत पाठवतात. कुणी रडतं, तरी पाठवतात. फिलर घ्यायचंच असेल तर हळदीच्या निदान एक महिना आधी घ्या, म्हणजे काही झालं तर निस्तरायला वेळ राहतो.

ज्यांना ओठावर वारंवार 'जर' (तापाची पुळी) येते, त्यांनी ते आधीच सांगावं. सुईने ती पुन्हा उठू शकते, आणि आधीपासून गोळ्या दिल्या तर टळू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हृदयासाठी चालू असतील, तर फिलरसाठी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

विरघळवण्याआधी

हायलुरॉनिडेज फक्त हायलुरॉनिक ॲसिड विरघळवतं. कॅल्शियमचं, पीएमएमएचं (एक प्रकारच्या प्लास्टिकच्या बारीक कणांचं) फिलर किंवा सिलिकॉन असेल, तर त्याचा उपयोग नाही, आणि म्हणूनच आत नेमकं काय भरलंय हे माहीत असणं गरजेचं आहे. त्या औषधाचीही ॲलर्जी होऊ शकते. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून पूर्वी मोठी रिॲक्शन आली असेल, तर आवर्जून सांगा, कारण त्यांच्या विषातही याच जातीचं द्रव्य असतं. घाई नसेल तेव्हा आधी हातावर चाचणी घेतात. जागा लाल-गरम असताना प्रतिजैविकाशिवाय हे इंजेक्शन देत नाहीत, नाहीतर संसर्ग पसरू शकतो. रक्तपुरवठा तुटलेला असेल, तर मात्र चाचणीसाठी थांबत नाहीत.

फिलरच्या खोक्यात कंपनी आणि बॅच क्रमांकाची चिकटपट्टी असते. ती मागून घ्या, फाइलला लावा, फोटो काढून ठेवा. इंजेक्शन देणाऱ्याने खोकं तुमच्यासमोर फोडलं नाही, नाव सांगायला टाळाटाळ केली, तर तिथून उठा. फिलर हे पार्लरचं काम नाही. सुईशिवाय दाबाने फिलर सोडणारी पेनं ऑनलाइन मिळतात, त्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये लोकांना स्पष्ट इशारा दिला होता. ती घरी वापरलेली एक कॉलेजची मुलगी आमच्याकडे आली होती. तिच्या ओठाकडे बघताना मला माझी भाची आठवत होती.

आधीचं क्लिनिक कागद देत नसेल, तर लेखी मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी नोंदी द्यायच्या असतात. औषध किंवा उपकरणामुळे त्रास झाल्याची नोंद पेशंट स्वतःही करू शकतो, त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल फ्री क्रमांक आहे.

फोन करताना इतकं जवळ ठेवा: फिलर कधी घेतलं, कुठे, कोणतं. सूज आतापर्यंत कोणकोणत्या तारखांना आली, एका बाजूला की दोन्ही, आणि त्याआधीच्या १५ दिवसांत सर्दी, ताप, दात, लस, पार्लर यांपैकी काय झालं. फोटो खिडकीच्या उजेडात, समोरून, दोन्ही गाल दिसतील असा, मेकअप आणि फिल्टरशिवाय. केमिस्टकडून काही घेतलं असेल, तर त्या गोळ्यांची रिकामी पट्टी फेकू नका, तिचाही फोटो पाठवा.